यादीतलं चौदावं नाव

११ जानेवारी

बारक्या,

पाकिटावर 'माननीय सभागृहनेते' लिहिलंय ते टपालवाल्यासाठी. आत तू बारक्याच. साठीला आलास म्हणून काय झालं, मी अडुसष्टची आहे.

तुला राज्याच्या विधिमंडळात सभागृहनेता केलं हे मला रेडिओवरून कळलं. बसस्टँडवर तुझं भलंमोठं चित्र लागलंय. त्यात केस काळे आहेत आणि हनुवटी दुसऱ्याच कुणाची तरी आहे. लोक थांबवून विचारतात, नर्सबाई, तुमच्या भावानं एवढी मजल मारली कशी? मी म्हणते, त्यालाच विचारा. खरं सांगितलं तर म्हणतील, बाई जळते.

तू दुसऱ्यांदा मॅट्रिक नापास झालास तेव्हा वडील म्हणाले होते, हा एकटा कुठंच चालणार नाही, याला कुणाच्या तरी मागं उभा करा. ते तू फारच मनावर घेतलंस. आधी जुन्या आमदारांची छत्री धरलीस, मग बॅग, आणि ते अंथरुणाला खिळल्यावर त्यांची जागा. पहिली नऊ वर्षं सभागृहात 'मी अनुमोदन देतो' याच्यापलीकडं एक वाक्य बोलला नाहीस, हे मी म्हणत नाही, पेपरनं छापलं होतं. तीन पक्ष झाले, आणि दर वेळी म्हणालास की पक्षानंच मला सोडलं. फोटोत तू कायम दुसऱ्या रांगेत, मधल्या माणसाच्या खांद्यामागं. पुढचे एकेक करून गळाले आणि तू पुढं आलास. याला कर्तृत्व म्हणायचं तर रेशनच्या रांगेतला प्रत्येक माणूस कर्तबगार आहे.

असो. आता कामाचं.

सरकार लहान गावांतले बाळंतपणाचे वॉर्ड बंद करून मोठ्या इस्पितळांना जोडणार आहे आणि त्याची यादी तुमच्यासमोर येणार आहे, असं इथले डॉक्टर सांगतात. त्या यादीत आपल्या गावचा वॉर्ड येऊ शकतो म्हणे. बारा खाटा, एक प्रसूतीची खोली, बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढून काढायचं एक जुनं सक्शन मशीन आणि सुतारानं केलेले नऊ लाकडी पाळणे. मी तिथं एकतीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यावरही रोज मदतीला जाते. गेल्या वर्षी दोनशे बारा मुलं जन्मली. मोठं इस्पितळ अठ्ठावन्न किलोमीटरवर, मधे रेल्वेचं फाटक. कळा सुरू झालेल्या बाईला अठ्ठावन्न किलोमीटर म्हणजे काय, हे तुला समजायचं नाही, पण आईला समजलं असतं. तू त्याच वॉर्डात जन्मलास.

मी तुझ्याकडं आजवर काही मागितलं नाही. बदली नाही, बढती नाही, पेन्शन अडकली तेव्हासुद्धा नाही. आता मागते. यादीत आपला वॉर्ड असेल तर तेवढं नाव खोड. आणि हे पत्र स्वतः वाच.

ताई

•

२५ जानेवारी

महोदया,

आपले दिनांक ११ जानेवारीचे पत्र मा. सभागृहनेते महोदयांच्या कार्यालयास प्राप्त झाले. आपण उपस्थित केलेल्या विषयाची नोंद घेण्यात आली असून सदर पत्र उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. आपल्यासारख्या सुजाण नागरिकांचा पाठिंबा हेच मा. महोदयांचे बळ आहे.

आपला विश्वासू,
स्वीय सहायक
(सभागृहनेते यांच्याकरिता)

•

२८ जानेवारी

अरे विश्वासू,

शिक्क्याखाली केलेली सही मी ओळखली. तू सुताराचा मधला. ते लांब शेपटीचं अक्षर तुझ्या बापाचं, पाळण्यांच्या खाली तो अशीच सही करायचा. तू पायाळू होतास, तुझ्या आईनं वॉर्डात चौदा तास काढले आणि मी तिच्या उशाशी उभी होते. म्हणून विचारते, 'सुजाण नागरिक' कुणाला म्हणतोस?

मी नागरिक म्हणून लिहिलं नव्हतं. सख्ख्या भावाला लिहिलं होतं. त्याला माझं पत्र दिलंस का नाही, एवढंच सांग. 'सदर', 'उचित' आणि 'संबंधित' हे तीन शब्द न वापरता सांग, जमलं तर.

तुझी धाकटी बहीण परवा तपासायला आली होती. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तारीख आहे. पहिलटकरीण, अंगानं बारीक, घाबरते. मी तिला म्हटलं, वॉर्ड आहे, मी आहे, कसली काळजी. आता ते खरं ठेवणं माझ्या हातात नाही, तुझ्या साहेबाच्या हातात आहे. साहेब म्हणताना माझी जीभ अडखळते, पण तुझ्या नोकरीचा मान राखते.

ताई

•

६ फेब्रुवारी

ती. ताई,

तुम्ही ओळखाल असं वाटलंच होतं. माफ करा. इथं रोज तीनशे-साडेतीनशे पत्रं येतात. तीन ट्रे आहेत. पहिल्यात मोठ्या माणसांची, दुसऱ्यात पक्षाची, तिसऱ्यात बाकी सगळ्यांची. तिसऱ्या ट्रेला एकच उत्तर आहे, ते तुम्हाला आलं. तुमचं पत्र चुकून तिसऱ्यात पडलं. आता पहिल्यात सगळ्यात वर ठेवलंय. साहेब दौऱ्यावरून आले की नक्की बघतील.

यादीचं सांगतो. चौदा वॉर्डांची आहे. कुठली नावं आहेत ते अजून बाहेर आलेलं नाही. अशी यादी विधेयकाला जोडून सभागृहात टेबलावर ठेवतात. मग सभागृहनेता उभा राहून म्हणतो, यादी वाचली असे समजावे. कुणी काही बोललं नाही की ती मंजूर. एका सदस्यानं जरी 'हरकत आहे' म्हटलं, तरी पूर्ण यादी मोठ्यानं वाचावी लागते आणि एकेका नावावर मत घ्यावं लागतं. म्हणजे वाट आहे. आणि मंजूर झाल्यावरही महिनाभर सभागृहनेत्याच्या एका सहीनं शुद्धिपत्रक काढता येतं. चुकीनं आलेलं नाव त्यात गाळतात.

दुसरं म्हणजे, एप्रिलच्या शेवटी साहेबांचा सत्कार आहे, सभागृहातल्या पंचवीस वर्षांचा. गौरवग्रंथ निघतोय. थोरल्या बहिणीची एखादी बालपणीची आठवण हवी असं साहेबांनी मुद्दाम सांगितलंय. एक पान पुरे.

बहिणीला सांभाळा. आई नाही, त्यामुळं तुमचाच आधार आहे तिला.

तुमचा
सुताराचा मधला

•

२ मार्च

बाबा रे,

पेपर वाचला. 'आरोग्य सुधारणा विधेयक एकमताने मंजूर.' आत बारीक अक्षरात यादी, आणि आपला वॉर्ड अगदी शेवटी, चौदावा. एकतीस मार्चला कुलूप. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, भावानंच केलं हो तुमच्या. मी त्यांच्यावर चढले. म्हटलं, केलं नाही, झालं त्याच्या हातून. तो कसा आहे मला ठाऊक आहे. शाळेत धडा न वाचता 'समजला' म्हणून मान डोलवायचा, आता पगार घेऊन डोलवतो, एवढाच फरक. न वाचलेल्या कागदावर 'वाचला असे समजावे' म्हणायला उभ्या राज्यात याच्याइतका लायक माणूस सापडला नसता. तुमच्या पक्षानं निवड मात्र अचूक केली. तो आळशी आहे, पोकळ आहे, आरशासमोरून हलत नाही. पण वाईट नाही रे. जिथं स्वतः जन्मला ते दार कुणी जाणूनबुजून बंद करील का?

तेव्हा ही चूक आहे आणि चुकीला तुझं ते शुद्धिपत्रक आहे. त्याच्या नाकासमोर धर आणि सही घे. तोंड भरून शिव्या द्यायच्या असतील तर माझ्या नावावर दे.

गौरवग्रंथाची आठवण हवी ना, घे. बारक्या नऊ वर्षांचा असताना शाळेच्या खिडकीची काच फुटली. मास्तरांनी विचारलं, कुणी फोडली? बारक्या स्वतःहून उठून पुढं गेला. मास्तर खूश झाले, म्हणाले शाबास, हात पुढं कर. तर यानं शेजारच्या पोराचा हात धरून पुढं केला. पोरगं बावळट होतं, त्यानं छड्या खाल्ल्या. काच कुणी फोडली ते सगळ्या वर्गाला माहीत होतं. हे छापा, बघू हिंमत आहे का.

तुझी बहीण ठीक आहे. पाय सुजलेत, पण त्यात काही विशेष नाही. ती रोज विचारते, वॉर्ड राहील ना. मी राहील म्हणते.

ताई

•

१४ मार्च

ती. ताई,

बारा दिवस रोज हे पत्र लिहायला घेतो आणि फाडतो. आज टाकतोच.

तुमचं पहिलं पत्र तिसऱ्या ट्रेत पडलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. ते आलं त्याच दिवशी मी साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मॅट्रिकच्या जागी हसलेसुद्धा. म्हणाले, ताईचं अक्षर अजून तसंच आहे. मग परत माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, ठरावीक उत्तर पाठव.

आणि यादीही त्यांनी वाचली होती. एकदा नाही, तीनदा. विभागाकडून यादी आली तेव्हा त्यात आपला वॉर्ड नव्हता. चौदावं नाव डोंगराकडच्या गावाचं होतं. तिथले आमदार म्हणाले, माझं गाव असेल तर मी हरकत घेणार. त्यांच्यामागं सात मतं आहेत आणि साहेबांची खुर्ची पाच मतांवर उभी आहे. साहेबांनी लाल पेन काढलं, त्या गावावर काट मारली आणि आपलं गाव लिहिलं. आपल्या गावाच्या वतीनं हरकत घेणारा सभागृहात एकच माणूस आहे, आणि तो स्वतः 'वाचली असे समजावे' म्हणणार होता. मग पक्षाच्या बैठकीत म्हणाले, मी माझं जन्मस्थान दिलं, आता कुणी काही बोलायचं नाही. लोकांनी बाकं वाजवली. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

ती यादी मी टाइप केली. चौदावं नाव टाइप करताना मला बहीण आठवली, तुम्ही आठवलात, आणि मी टाइप केलं. कारण काय सांगू. पगार, सरकारी घर, मुलीची शाळा. कारणं पुष्कळ आहेत, एकही तुमच्यासमोर उभं राहून सांगण्यासारखं नाही.

शुद्धिपत्रक टाइप करून समोर ठेवलं. साहेब म्हणाले, चूक असेल तर शुद्धिपत्रक काढतात.

लाल खाडाखोडीचा मूळ कागद नष्ट करायचा होता. तो सोबत पाठवतोय. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

बहिणीला तारखेच्या आधीच शहरात हलवा. सहा एप्रिलला मी गाडी पाठवतो. तोवर काही होऊ नये एवढंच.

मधला

•

९ एप्रिल

बाळा,

तुझी बहीण बरी आहे. आधी हे वाच. ताप उतरलाय, काल थोडं जेवली. आता पुढचं. तुझ्या बापानं फोनवर अर्धंच सांगितलं असणार.

गाडी सहाला येणार होती. कळा तीन तारखेला दुपारी दोन वाजता सुरू झाल्या. वॉर्डाला तीन दिवसांपूर्वी कुलूप लागलेलं, वर लाखेचं सील. मोठ्या इस्पितळाची गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. गिरणीवाल्यानं टेम्पोतली पिठाची पोती खाली टाकली, मी गादी घातली आणि आम्ही निघालो. तिचा नवरा पुढं, मी मागं तिच्याजवळ. टेम्पो वॉर्डाच्या दारावरूनच गेला. दारातून आत जायला वीस पावलं लागतात.

फाटक बंद होतं. मालगाडी. मी डबे मोजत होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एकोणचाळिसाव्या डब्याला मूल बाहेर आलं. मुलगी. मानेभोवती नाळेचे दोन वेढे. ते मी सोडवले, हात चुकला नाही, अजून चुकत नाही. पण तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. मी तोंडानं ओढलं, पाठ चोळली, तळवे चोळले. एकदा तिनं श्वास घेतला. मग पुन्हा नाही. फाटक उघडलं तरी ड्रायव्हर गाडी हलवेना, मागं वळून बघत बसला होता. त्याला मी ओरडले.

गेल्या वर्षी अशी चार मुलं मी स्वतः बघितलीत. काळीनिळी, गळून गेलेली. सक्शन लावलं, ऑक्सिजन दिला आणि चौघंही रडली. ते मशीन कुलपाच्या आत होतं. मला किल्ली कुठं असते ते माहीत होतं, आणि मी कायदा पाळला. म्हटलं, सरकारी सील, आपण निवृत्त बाई, कशाला हात लावा. याचं मला काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. तुझ्या बहिणीनं मला एकदाही बोल लावला नाही, त्यानं जास्त लागतं.

मी मार्चमध्ये तुला लिहिलं होतं की तो वाईट नाही. ते वाक्य मी परत घेते. साठ वर्षं मी या माणसाला मूर्ख म्हणून हिणवत आले आणि त्यामुळं त्याला सांभाळूनही घेत आले. मूर्खाला माफी असते ना. त्यानं माझ्या त्या समजुतीवरच तर धंदा केला.

तू टाइप केलंस हे खरं. ते मी धुऊन टाकणार नाही. पण कागद पाठवलास हेही खरं. आता पुढं काय करायचं ते स्वतःच्या डोक्यानं ठरव, साहेबाला विचारू नकोस.

ताई

•

२० एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितोय, यावरून माझ्या मनात तुझं स्थान काय आहे ते ओळख. सुताराकडची दुःखद बातमी कळली. मी हेलावून गेलो. त्या कुटुंबाला मदत जाहीर करण्याच्या सूचना दिल्या आहेत. गावाला नवी रुग्णवाहिकाही देतोय. सत्काराच्या दिवशीच तिची किल्ली तुझ्या हस्ते देऊ असं मनात आहे. म्हणजे बहीण-भाऊ एका व्यासपीठावर, लोकांनाही बरं वाटेल.

तू रागावली आहेस हे मी समजू शकतो. पण ताई, राज्य चालवणं म्हणजे वॉर्ड चालवणं नव्हे. चौदा नावं लागणारच होती. कुणाचं तरी गाव जाणारच होतं. मी दुसऱ्यांना त्याग सांगितला नाही, स्वतःच्या गावापासून सुरुवात केली. हे सोपं नव्हतं. मी तेव्हा दोन दिवस नीट जेवलो नाही. उद्या मोठ्या खुर्चीवर बसलो की गावाला वॉर्डच काय, पन्नास खाटांचं इस्पितळ देईन. थोडी कळ काढ.

दोन गोष्टी मात्र माझ्या कानावर आल्या आहेत. एक, माझ्या स्वीय सहायकानं राजीनामा दिला आणि जाताना कार्यालयातला एक कागद नेला, तो तुझ्याकडं आहे. तो शासकीय कागद आहे, सोबतच्या माणसाकडं देऊन टाक. दुसरी, वॉर्डाचं कुलूप फोडून काही लोक आत शिरले आहेत आणि त्यात तुझं नाव घेतलं जातंय. हा गुन्हा आहे. मी अजून कुणाला काही करू दिलेलं नाही, पण सभागृहनेत्याच्या बहिणीलाच सवलत, असं लोक म्हणायला लागले तर मलाही हात बांधून बसता येणार नाही.

तुझी आठवण ग्रंथात छापली आहे. पान चार बघ. फार सुंदर लिहिली आहेस.

तुझा लाडका
भाऊ

•

२६ एप्रिल

बारक्या,

तुझ्या माणसाबरोबर ग्रंथ मिळाला. जाड कागद आहे, चांगला पेटतो. पान चार वाचलं. 'चूक कबूल करायला बालपणापासून स्वतःहून पुढे येणारा नेता.' काच ठेवलीस, मास्तर ठेवलेस, आणि शेजारच्या पोराचा हात तेवढा कापलास. पंचवीस वर्षं सभागृहात काय शिकलास ते कळलं.

त्याग म्हणतोस. अरे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय लागतं? तू काय दिलंस? तुझी खाट गेली, का तुझी सून टेम्पोत निजली? तू दोन दिवस नीट जेवला नाहीस. सुताराच्या पोरीला दूध येत होतं आणि पाजायला कुणी नव्हतं, तिच्या छातीला पट्टे मी बांधले. तिच्यासमोर जाऊन तुझ्या उपासाचं सांग. तिनं ऐकून घेतलं तर मी तुझ्या व्यासपीठावर येऊन टाळ्या वाजवते.

रुग्णवाहिका सत्काराआधीच आली. चार बाजूंना तुझी चार चित्रं आणि आत ऑक्सिजनची नळी नाही. ड्रायव्हरचं पद मंजूर व्हायचंय म्हणे. ती मी वॉर्डाच्या अंगणात उभी करून घेतलीय, नातेवाईक सावलीला बसतात.

तो कागद मिळणार नाही. वॉर्डाच्या दाराशेजारच्या भिंतीवर, तुझ्या सरकारी आदेशाला लागून काचेखाली लावलाय. बायका तपासायला येतात त्या आधी तिथं थांबतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाकीच्या वाचून दाखवतात, चौदाही नावं, मोठ्यानं. लाल शाई कुणाची ते आता सांगावं लागत नाही.

कुलूप फोडल्याचं म्हणशील तर ते धादांत खोटं आहे. कुलूप जागच्या जागी आहे, लाखेचं सीलसुद्धा शाबूत आहे. सुतारानं दुसऱ्या बाजूच्या बिजागऱ्या काढल्या आणि कुलपासकट दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. तुझा राजीनामा दिलेला सहायक स्क्रू एका वाटीत नीट सांभाळून आहे. शेवटी तो बापाचाच मुलगा निघाला, अक्षरावरून वाटलंच होतं. ज्या दोन नर्सांची तू बदली केलीस त्या रजा टाकून येतात. डॉक्टर रोज संध्याकाळी सहज चक्कर मारतात आणि मी काही बघितलं नाही असं म्हणतात. मशीनमध्ये उंदरानं नळी कुरतडली होती, ती बदलली. बारा तारखेपासून आठ बाळंतपणं झाली. आठही मुलं रडली. सहाव्याला वेळ लागला, सुताराची पोरगी मशीन धरून उभी होती. तिला मी नको म्हटलं होतं, तिनं ऐकलं नाही.

हा गुन्हा आहे हे मला मान्य आहे. कुणाच्या जबाबात माझं नाव घालायचं असेल तर पूर्ण घाल, थोरली बहीण असंही लिही. मी नाकारणार नाही. एकदा कायदा पाळून बघितला, तो पुरला.

उद्याच्या सत्काराला मी येणार नाही. आज सकाळी एक बाई दाखल झालीय, जुळं आहे, रात्रीपर्यंत चालेल. आणि तुला पोलीस पाठवायचेच असतील तर बायका पाठव. आत पुरुषांना सोडत नाही.

ताई